ऑटोमेशन जत्रेला गेलं

"मॅडम, लिस्ट न्हाई आली अजून. ट्रक हुबे हायेत."

फोनवर चाकणच्या प्लँटमधले तापकीर होते, डिस्पॅचचे इनचार्ज. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते आणि कोणीतरी कोणाला तरी मनापासून शिव्या घालत होतं. मी चिंचवडच्या ऑफिसात नुकती जागेवर बसले होते. समोरच्या भिंतीवर कामांची स्थिती दाखवणारा आमचा डॅशबोर्ड होता. सगळे चौकोन हिरवेगार.

"तापकीर, इकडे तर सगळं हिरवं दिसतंय," मी म्हटलं.

"आसंल वो हिरवं. पर ट्रकमदी काय भरू ते सांगा."

मी चहा तसाच ठेवला आणि कन्सोल उघडला.

आधी आमचं काम सांगते, म्हणजे माझी चिडचिड समजेल. आमची कंपनी गाड्यांच्या सीट्स बनवते. ज्या मोठ्या कंपनीसाठी बनवते, ती प्रत्येक शिफ्टला आम्हाला एक फाइल पाठवते. पुढच्या गाड्या कोणत्या क्रमाने लाइनवर येणार, ते त्यात असतं. आधी काळ्या सीटची, मग करड्या सीटची, मग सनरूफवाली, असं. आम्ही त्याच क्रमाने ट्रक भरायचा. तिकडे गोडाऊन वगैरे काही नाही. ट्रकमधून सीट उतरते ती थेट गाडीत बसते. क्रम चुकला किंवा ट्रक पोचला नाही, तर त्यांची लाइन थांबते. आणि त्यांची लाइन थांबली की आमच्याकडे ज्या ज्या माणसाकडे फोन आहे, त्या प्रत्येकाचा फोन वाजतो.

ही फाइल येते आमच्या मेनफ्रेमवर. मेनफ्रेम म्हणजे बँका आणि विमा कंपन्या वापरतात तो मोठा, जुन्या घराण्याचा कॉम्प्युटर. आमच्याकडे तो अजून आहे, कारण त्याच्यावरचे प्रोग्रॅम दुसरीकडे हलवायची हिंमत आजवर एकाही साहेबाने केली नाही. या मशीनला बोलायची सवय आहे. काहीही घडलं की ते कन्सोल नावाच्या स्क्रीनवर एक ओळ टाकतं. फाइल आली, काम संपलं, डिस्क भरली. या ओळीला मेसेज म्हणतात. पूर्वी ऑपरेटर तिथे बसून मेसेज वाचायचा आणि पुढची कमांड द्यायचा. ऑटोमेशन म्हणजे हेच काम करणारा प्रोग्रॅम. त्याला नियम लिहून द्यायचे: अमुक ओळ दिसली की तमुक काम सुरू कर. आमच्याकडे "प्लॅन फाइल रिसीव्हड ओके" ही ओळ दिसली की ट्रक भरायची लिस्ट बनवायचं काम सुरू होई आणि ती लिस्ट चाकणला छापून निघे.

माझ्याकडे हे ऑटोमेशन येऊन फार दिवस झाले नव्हते. नियम लिहिणारा गृहस्थ परदेशी निघून गेला आणि त्याचा पसारा माझ्या गळ्यात पडला. पसारा म्हटलेलं आमच्या पेंडसे सरांना आवडत नाही. ते आमचे डिलिव्हरी मॅनेजर. त्यांच्या मते ऑटोमेशन शंभर टक्के पूर्ण होतं. डॅशबोर्डवर तसं लिहिलेलंही होतं, मोठ्या अक्षरांत. आणि शंभर टक्के पूर्ण आहे म्हटल्यावर कन्सोलवर माणसं कशाला? पुढच्या महिन्यापासून ऑपरेटर बंद, असं त्यांनी वरती सांगूनही टाकलं होतं.

ऑपरेटर तीन. सोपान, त्याचा चुलतभाऊ आणि त्याचा मेहुणा. तिघेही कॉन्ट्रॅक्टवर, तिघेही चाकणच्या पुढच्या एकाच गावचे. एक लागला, त्याने दुसऱ्याला लावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. शिफ्ट आपसात बदलून घ्यायचे, त्यामुळे कधी कोणाचा खाडा नाही की रजा नाही. फक्त गावच्या जत्रेला तिघांनाही एकदम सुट्टी हवी असायची. जत्रेत बैलगाड्यांच्या शर्यती असतात आणि सोपानच्या घरच्या बैलांची बारी, म्हणजे धावायची पाळी, असते. दरवर्षी त्या सुट्टीवरून पेंडसे सर आकाशपाताळ एक करायचे. यंदा मात्र खूष झाले.

"उत्तम! जाऊ द्या तिघांनाही. कन्सोल रिकामा ठेवू. आपली ट्रायल होऊन जाईल."

"सर, निदान एकाला तरी थांबवू," मी म्हटलं.

"अहो, मग ती ट्रायल कसली?"

 ट्रायल झाली की दुपारच्या मीटिंगमध्ये मी सांगायचं होतं, ऑपरेटरशिवाय चालतं की नाही. चालतं म्हटलं की तिघे घरी. त्याच पंधरवड्यात सोपानने ऑफिसात पेढे वाटले होते. सुपारी फुटली होती. मुलगी जुन्नरकडची. मुलीच्या वडिलांनी कंपनी कोणती, काम काय, कायम आहे का, सगळं खोदून खोदून विचारलं होतं म्हणे. "सांगितलं, कॉम्प्युटर चालवतो," सोपान म्हणाला. मला पुढच्या महिन्याचं ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं. मी पेढा कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला.

तर आता जत्रेचा दिवस, कन्सोल रिकामा आणि तापकीर फोनवर.

फाइल आली होती का? आली होती, वेळेवर. कन्सोलवर मेसेजही होता. फक्त तो म्हणत होता, "प्लॅन फाइल हॅज बीन रिसीव्हड". आमचा नियम वाट बघत होता "प्लॅन फाइल रिसीव्हड ओके"ची. अर्थ तोच, पण नियमाला अर्थ कळत नाही. त्याला दिलेली अक्षरं दिसली तर तो हलतो, नाहीतर बसून राहतो. बसून राहणं ही डॅशबोर्डच्या हिशेबी चूक नाही. चूक झाली तर लाल. काहीच झालं नाही तर हिरवं.

मी कपाळावर हात मारला. आमच्या धंद्यात नवख्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात ती ही गोष्ट. प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला त्याचा एक नंबर असतो. मजकूर माणसांसाठी, नंबर ऑटोमेशनसाठी. मजकूर सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी हवा तेव्हा बदलते, कोणाला विचारत नाही. नंबर सहसा बदलत नाही. नियम नंबरावर लिहायचा. आमच्या परदेशी गेलेल्या गृहस्थाने तो अख्ख्याच्या अख्ख्या वाक्यावर लिहिला होता. हे शब्द कुठेही दिसले की सुरू कर, मग ते कोणी का म्हणेना!

पण चिडायला वेळ नव्हता. मी ते काम हाताने सुरू केलं. लिस्ट चाकणला निघाली.

"आली, आली," तापकीर म्हणाले. "पर मॅडम, आता भरून रस्त्याला लागंस्तोवर तळेगाव चौकात ट्रॅफिक घावतंय बगा."

घावलंच. तिकडची लाइन थांबली. किती वेळ ते महत्त्वाचं नाही, कारण एक मिनिट थांबली तरी ओरडा तेवढाच होतो. पेंडसे सरांचा फोन आला. ते बाणेरहून निघाले होते आणि वाटेतूनच बोलत होते.

"काय झालं? आजच कसं झालं?"

हा दुसरा प्रश्न मात्र योग्य होता. मेसेजचा मजकूर बदलला कधी? मी शोधलं. फाइल आणणाऱ्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकलं तेव्हा. म्हणजे दोन महिन्यांपूर्वी.  मजकूर दोन महिन्यांपूर्वी बदलला, नियम तोच, मग काल रात्रीपर्यंत लिस्ट निघत कशी होती? नियम चालायलाच नको होता. आणि तो प्रत्येक शिफ्टला बिनबोभाट चालत होता.

मी कन्सोलच्या लॉगमध्ये जुनं वाक्य शोधलं. सापडलं. आदल्या रात्रीच्या शिफ्टला होतं, त्याआधीच्या शिफ्टला होतं, त्याच्याही आधी होतं. प्रत्येक वेळी आधी मशीनचं नवं वाक्य आणि त्याच्या थोड्या वेळाने जुनं वाक्य, नंबराशिवाय, ऑपरेटरच्या कन्सोलवरून.

कन्सोलवरून एका ऑपरेटरला दुसऱ्या ऑपरेटरला निरोप पाठवता येतो. "मी जेवायला चाललोय" वगैरे. तोही स्क्रीनवर ओळ म्हणूनच येतो. आणि आमचा नियम फक्त शब्द बघत होता, बोलणारा बघत नव्हता. म्हणजे दोन महिने ती ओळ मशीन म्हणत नव्हतं. ती माणसं हाताने टाइप करत होती.

मी सोपानला फोन लावला. दोनदा कट झाला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा कानात आधी "भिर्रर्र"चा गलका घुसला, मग लाउडस्पीकर, मग सोपान.

"ताई, बोला! जोरात बोला, शर्यतीच्या घाटात हाय मी!"

"प्लॅन फाइल रिसीव्हड ओके! हे तू टाइप करतोस का?"

"व्हय! का? आज कुनी केलं न्हाई का?"

त्याच्या आवाजात इतकं निरागस आश्चर्य होतं की मला क्षणभर फोन आपटावासा वाटला.

"आज कोण करणार सोपान? तुम्ही तिघेही तिकडे!"

"मला वाटलं तुमी कराल. तुमी ऑटोमेशनच्या मॅडम ना!"

मी त्याला गर्दीतून बाहेर यायला सांगितलं. आला, बहुतेक एखाद्या टेम्पोमागे. मग नीट सांगायला लागला. नवं व्हर्जन आलं त्याच शिफ्टला लिस्ट अडकली होती. त्याने शोधलं, वाक्य बदललंय. नियम बदलायचा तर चेंजची परवानगी लागते आणि दुसऱ्याच दिवसापासून वर्षअखेरीचं फ्रीझ चालू झालं. फ्रीझ म्हणजे या काळात सिस्टिमला कोणी हात लावायचा नाही. आता वाक्य बदलणारं व्हर्जन फ्रीझच्या आदल्या दिवशी घाईघाईने घातलं आणि ते दुरुस्त करायला फ्रीझ आडवं आलं, हा खास आमच्याकडचा कारभार. सोपानने जुनं वाक्य निरोप म्हणून पाठवून पाहिलं. काम सुरू झालं. तेव्हापासून प्रत्येक शिफ्टला तेच. चुलतभावाला शिकवलं, मेहुण्याला शिकवलं.

"आणि हे करायला तुला सांगितलं कोणी?"

"पेंडसे सरांनी. मी सांगितलं त्यांना तवाच, कँटीनभायेर. ते म्हणाले, सध्या तात्पुरतं चालवून घे."

तात्पुरतं चालवून घे! आमच्या पट्ट्यातल्या निम्म्या कंपन्या या एका वाक्यावर उभ्या आहेत. मी डोळे मिटून घेतले.

"बरं. फ्रीझ संपलं. मग तरी मला सांगायचंस ना! अर्ध्या दिवसाचं काम होतं."

तिकडे पुन्हा गलका उठला आणि विरला.  मला वाटलं फोन कट झाला.

"ताई, सांगितलं असतं तर तुमी केलंच असतं नीट," तो म्हणाला. "मग आमी काय करायचं?"

म्हणजे त्याला माहीत होतं. पुढच्या महिन्याचं सगळं ठाऊक असून हसत पेढे वाटले होते पठ्ठ्याने. मला राग आला, खूप आला. माझं ऑटोमेशन ओलीस धरून हा माणूस लग्न जमवत होता. पण त्याचं म्हणणं खरं होतं. मी केलंच असतं नीट.

"बारी झाली का?" मी विचारलं. 

"अजून लागायची हाय," तो म्हणाला. "लागली की येतो मी, दुपारच्या शिफ्टला."

"येऊ नकोस. मी बघते."

दुपारच्या शिफ्टला ते वाक्य मी स्वतः टाइप केलं. नियम बदलायची परवानगी यायला संध्याकाळ होणार होती. इतकी वर्षं या धंद्यात घालवली, लोकांना ऑटोमेशन शिकवलं, आणि शेवटी माझ्याच प्रोग्रॅमला मशीनच्या आवाजात खोटं सांगत बसले होते. लिस्ट बिनतक्रार निघाली. डॅशबोर्ड हिरवा होता.

मग मीटिंग. पेंडसे सर दारातूनच सुरू झाले.

"शंभर टक्के ऑटोमेशन आहे आपलं! मग आज काय ते जत्रेला गेलं होतं का?"

"हो सर," मी म्हटलं. "तिघेही गेले होते."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मी लॉग उघडून दाखवला. हे मशीनचं वाक्य, हे माणसाचं. तुमचं शंभर टक्के म्हणजे सोपान, त्याचा चुलतभाऊ आणि त्याचा मेहुणा. सरांचा चेहरा लाल झाला. दिवसभरात पहिल्यांदा आमच्याकडे काहीतरी लाल दिसलं.

"ही फसवणूक आहे. सरळ सरळ फसवणूक! उद्यापासून तिघेही गेटच्या बाहेर. कॉन्ट्रॅक्टरला मेल टाका."

"टाकते सर. कारण काय लिहू?"

"लिहा, परवानगीशिवाय सिस्टिममध्ये खोटे मेसेज टाकले."

"परवानगी होती म्हणतात ते."

"कोणाची?"

"तुमची. तात्पुरतं चालवून घे म्हणालात."

"मी? मी कधी म्हणालो?"

ते खोटं बोलत नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना खरंच आठवत नव्हतं. दिवसातून दहा जणांना तेच वाक्य सांगणाऱ्या माणसाला त्यातलं एक कसं आठवेल? मी आठवण करून दिली. फ्रीझचा पहिला दिवस, कँटीनबाहेर, सोपान तुम्हाला भेटला होता. हळूहळू त्यांना आठवलं. 

"पण तात्पुरतं म्हणालो होतो," ते शेवटी म्हणाले.

मी लॉग बंद केला. आणखी बोलले असते तर माझीही नोकरी तात्पुरती झाली असती.

संध्याकाळी परवानगी आली. मी नियम पुन्हा लिहिला. मेसेजचा नंबर बघायचा, तो फाइल आणणाऱ्या प्रोग्रॅमनेच पाठवलाय का तेही बघायचं, मजकुराकडे ढुंकूनही बघायचं नाही. आणि आणखी एक नियम घातला. ठरलेल्या वेळेत मेसेज आलाच नाही, तर डॅशबोर्ड लाल करायचा. चुपचाप बसलेलं हिरवं मला नको होतं. रात्रीची लिस्ट कोणीही हात न लावता निघाली. पेंडसे सरांची ट्रायल आता खऱ्या अर्थाने पास झाली होती. मला मात्र अजिबात आनंद झाला नाही. आता सोपानची खरंच गरज उरली नव्हती, आणि ते माझ्या हाताने झालं होतं.

पण मी आमच्या साहेबांना ओळखत नव्हते एवढं खरं. गिऱ्हाईक कंपनीने लेखी विचारलं, असं पुन्हा होऊ नये म्हणून काय केलंत? मी उत्तर लिहून दिलं: नियम नंबरावर नेला. पेंडसे सरांनी वाचलं आणि म्हणाले, "हे त्यांना काय कळणार? काहीतरी ठोस द्या." त्यांनी माझं वाक्य खोडलं आणि लिहिलं: प्रत्येक शिफ्टमध्ये प्रशिक्षित ऑपरेटरची प्रत्यक्ष देखरेख. गिऱ्हाईक प्रसन्न झालं. आता लिहून दिलं म्हटल्यावर ऑपरेटर हवेतच. तिघांचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. ज्या दिवशी बिघडलं, त्या दिवशी बघायला एकही माणूस नव्हता. आता बिघडायचं काही उरलं नाही, तर बघायला तीन माणसं आहेत.

काही दिवसांनी मी सहज कन्सोल बघत होते. मशीनचा मेसेज आला, लिस्टचं काम सुरू झालं. आणि त्याखाली ओळ उमटली, "प्लॅन फाइल रिसीव्हड ओके".

मी तशीच सोपानच्या टेबलापाशी गेले. "अरे, आता कशाला टाइप करतोस? नियम त्याच्याकडे बघतसुद्धा नाही."

"माहितीये ताई," तो म्हणाला. "पण पेंडसे सरांच्या रिपोर्टला लागतं. हे वाक्य मोजून ते देखरेख किती टक्के झाली ते काढतात."

"किती निघते?"

"शंभर."

मी जागेवर परत आले.

त्याच्या लग्नाला गेले होते, चाकणजवळच्या मंगल कार्यालयात. तापकीरही होते, जोरदार फेटा बांधून. सोपान मला हाताला धरून सासऱ्यांकडे घेऊन गेला. जाडजूड मिशांचे, पांढऱ्या टोपीतले शांत गृहस्थ.

"ह्या आमच्या मॅडम," सोपान म्हणाला. "ह्यांचं सगळं ऑटोमेशन मीच चालवतो."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली. मीही हलवली. दोन महिने ते अगदी खरं होतं.

नवीन पोरं कामावर आली की मी त्यांना अजून तेच शिकवते. मेसेज काय म्हणतो ते नंतर बघा, आधी तो कोण म्हणतंय ते बघा. ती माना डोलावतात आणि भिंतीवरच्या हिरव्या डॅशबोर्डकडे बघतात.